रांजणाखालचे पंखे

"मी तं पहिल्याच दिशी म्हणलं होतं, या पोरीले लाँचीत बसवू नका म्हणून. मायचा पाय पोरीत उतरते. पाहा आता, उतरला का नाई?"

जिजाबाई बोलत होत्या आणि तांदूळ पाखडत होत्या. बोलण्याला जोर आला की सुपालाही येई, आणि कोंड्याबरोबर चांगले दाणेही अंगणात पडत. एरवी सांडलेला एकेक दाणा सुनेला वेचायला लावणाऱ्या जिजाबाईंना आज त्याचं भान नव्हतं.

"आजी, इंजिन तापलं," नलू म्हणाली. ती न्हाणीच्या दगडावर उभी राहून साडीचा ओला काठ पिळत होती. "इंजिन तापलं त्याच्यात माह्या पायाचा काय संबंध? मी तं मधातल्या फळीवर बसून होती."

"तुह्या मायलेबी असंच वाटत होतं."

"मंग बाबाले विचार ना. लाँच चालवते कोन? बाबा. इंजिन पाहते कोन? बाबा. त्याइले कोनी काही म्हणत नाई."

"बापाले बोलून राह्यली? दहावी पास झाली तं बापाले बोलून राह्यली?"

"माय, तू गप बस वो," रूपराव खाटेवरून म्हणाले. रॉकेलच्या चिंधीनं ते हातावरचं काळं ऑइल पुसत होते. "नलू, तूबी गप बस."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोघींना गप बसवलं की आपण न्याय केला असं त्यांना वाटे.

चुलीपुढे नलूची आई जयवंता भाकरी थापत होती. तिला कुणी गप बसायला सांगितलं नाही. या विषयावर ती बोलत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

झालं होतं ते एवढंच. घाटपिंपरी धरणाच्या या काठाला, हिवरटोला त्या काठाला. मध्ये पाणी. दसऱ्यानंतर नलूला हिवरटोल्याच्या बालवाडीत बाई म्हणून काम मिळालं. सकाळी मच्छीमार सोसायटीच्या लाँचनं जायचं, संध्याकाळी लाँचनं परत यायचं. आज येताना पाण्याच्या मधोमध इंजिनातून पांढरा धूर निघाला, रबर जळल्याचा वास आला आणि लाँच बंद पडली. रूपरावांनी आणि दोघातिघांनी बांबूनं रेटत ती काठाला आणली. उथळात रुतली तेव्हा बायकांना साड्या गुडघ्यापर्यंत घेऊन उतरावं लागलं. कुणी बुडालं नाही, कुणाला लागलं नाही. फक्त उतरता उतरता हिवरटोल्याच्या सुलोचनाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "हे जयवंताची पोर ना?"

त्या एका वाक्यानं घाटावरच्या माणसांना जे आठवायचं ते आठवलं. दिवेलागणीच्या आत निरोप आला की सोसायटीची माणसं म्हणतात, नलूनं उद्यापासून लाँचीत बसू नये. काही दिवस तरी.

नलूला दुसरा रस्ता नव्हता. म्हणजे होता. केळझरच्या फाट्यापर्यंत पायी, तिथून एसटीची लाल गाडी, मग उतरून पुन्हा पायी, धरणाला अर्धा वळसा घालून. पोचेपर्यंत पोरं जेवून घरी गेलेली असती. आणि हिवरटोल्यातल्याच कुणा शोभाबाईची पुतणी त्याच कामासाठी टपून बसली होती. नलू आली नाही की ती येणार, आणि एकदा आली की जाणार नाही.

"उद्या मी जाईन म्हणजे जाईन," नलू म्हणाली.

"जाय ना. पायी जाय," जिजाबाई म्हणाल्या. "तुह्या मायचे काय पाय झिजले का?"

जयवंतानं भाकरी तव्यावर टाकली. बोटांचं पाणी तव्यावर पडलं आणि चर्र आवाज झाला.

जयवंता भोयाची लेक होती. हिवरटोल्याची. ती परकर घालायची तेव्हा तिथं नदी होती आणि नदीत डोह होते, आणि तिचे वडील त्या डोहांत जाळं टाकत. मग धरण झालं. गावाची खालची आळी पाण्याखाली गेली, वरची राहिली. ज्यांची शेतं बुडाली ते रडले. भोई मात्र गोंधळून काठावर उभे राहिले, कारण एवढं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यात जाळं कुठं टाकायचं हे त्यांना कळत नव्हतं. जयवंताला ते लवकर कळलं. वडिलांचा डोंगा घेऊन, हातात बांबू धरून, ती एकटी या काठाला घाटपिंपरीच्या बाजाराला मासळी घेऊन यायची. वाऱ्याची दिशा पाहून निघायची. पदर कमरेला, अंगावर एक थेंब नाही.

अण्णाजींनी तिला अशी डोंग्यातून उतरताना पाहिलं होतं. अण्णाजी म्हणजे रूपरावांचे वडील, घाटपिंपरीतले भोयांचे पुढारी. त्यांनी त्याच आठवड्यात मागणी घातली. "पाण्याची पोर हाये," ते म्हणाले, "माह्या पोराले पाण्याचं भेव वाटते, हे त्याले सांभाळन." लोक हसले होते. रूपरावही हसले होते.

लग्नानंतर दोन वर्षांनी, एकाहत्तर साली, मच्छीमार सोसायटीनं लाँच आणली. मुंबईकडून जुनी विकत घेतलेली, ट्रकवर घालून आलेली. डिझेलचं इंजिन. सोसायटीचे चेअरमन अण्णाजी. त्यांनी मुलाला लाँचवर बसवलं, आणि पाण्याला भिणारा रूपराव लाँचचा डायवर झाला. इंजिनाचा आवाज असला की त्याला पाण्याची भीती वाटत नसे.

त्या इंजिनात एक छोटा पंप होता. तळ्याचं पाणी ओढून तो इंजिनाभोवती फिरवायचा, म्हणजे इंजिन तापत नसे, आणि मागच्या नळीतून ते पाणी बाहेर पडायचं. पंपाच्या आत तळहातात मावेल एवढा रबराचा पंखा. सहा पात्यांचा, फुलासारखा. लाँच देणाऱ्या माणसानं बजावलं होतं, की इंजिनाचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हा पंखा वर्षातून एकदा बदला. अण्णाजींनी ते पक्कं धरलं. सालाला एक पंखा. आणि सालाचा दिवस कोणता, तर दसरा.

पावसाळ्यात मासेमारी बंद. लाँच ओढून काठावर घेत, कलती करून डांबर लावत, आणि दसऱ्याला पूजा करून पाण्यात सोडत. पोळ्याला बैलाला नवी वेसण घालतात तसा अण्णाजी इंजिनाला नवा पंखा घालायला लावत. मग हार, कुंकू, नारळ. आणि इंजिन सुरू. हा अण्णाजींचा खास आग्रह होता. "पोळ्याले बैल उभा राह्यते का नाई? मेल्या बैलाची पूजा करते का कोनी? इंजिन जितं पाह्यजे," ते म्हणत. काठावर, कोरड्या मातीत, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली लाँच धडधडत राहायची. आरती संपेपर्यंत, गावातल्या सगळ्या बायकांनी कुंकू लावेपर्यंत, आपट्याची पानं वाटून होईपर्यंत. इंजिन बंद केलं तर अपशकुन. धुपाचा वास, डांबराचा वास, आणि त्यात मिसळलेला आणखी एक उग्र वास. तो कसला हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना तो पूजेचाच वाटायचा.

पहिल्याच वर्षी भाऊबीजेला जयवंता लाँचमधून माहेरी निघाली. नलू मांडीवर, हातात ओवाळणीचं ताट. अण्णाजी पुढं उभे, नवी लाँच हिवरटोल्याला मिरवायला. मधल्या पाण्यात धूर निघाला आणि इंजिन थांबलं. अंधार पडेपर्यंत सगळे तिथंच. हिवरटोल्याची माणसं काठावरून कंदील हलवत होती आणि अण्णाजींना ते कंदील हसताहेत असं वाटत होतं. बांबू हातात घेऊन लाँच रेटायला जयवंता उठली तेव्हा ते तिच्यावर ओरडले, "बस खाली! तुह्याच पायानं झालं हे."

ते रागात बोलले असतील. पण बोलले ते चेअरमन होते.

पुढच्या वर्षी लाँच दोनदा बंद पडली. एकदा डिझेलमध्ये कचरा होता असं ठरलं, एकदा रूपरावनं गडबड केली असं ठरलं. जयवंता त्या वेळी घरी होती, त्यामुळे दुसरी कारणं शोधावी लागली. त्र्याहत्तरच्या संक्रांतीला ती पुन्हा बसली आणि लाँच पुन्हा बंद पडली, तेव्हा कुणाला काही शोधावं लागलं नाही.

त्यानंतर ती लाँचमध्ये बसली नाही. जिजाबाईंनी हळूहळू बंदी वाढवली. लाँच नाही, मग डोंगाही नाही, मग घाटावर धुणं धुवायलाही नाही. "पाण्यालेच चालत नाई ते," त्या आल्यागेल्याला सांगत. दसऱ्याच्या पूजेचं ताट जयवंता करी, निरांजनात वाती घाली, आणि ते दुसरी कुणी घेऊन जाई. ती चिंचेखाली उभी राहून लांबून हात जोडी. ज्या हातांनी वाऱ्यात डोंगा आणला ते हात.

आणि लाँच चालू लागली. हेच सगळ्यात वाईट झालं. जयवंताला बंदी झाली त्या सालापासून लाँच कधी भर पाण्यात थांबली नाही. दर दसऱ्याला रूपराव इंजिनातून निघालेला जुना पंखा घरी आणून टाकत. पहिल्या दोन वर्षांचे पंखे जळके होते, पाती झडलेली, हाताला काळं लागायचं. पुढचे पंखे मात्र धड. सहाच्या सहा पाती शाबूत, रबर मऊ. जयवंता ते धुवून रांजणाखाली ठेवी. ओट्याचा दगड खडबडीत होता, रबरावर रांजण नीट बसायचा. पाण्याचा रांजण पुन्हा मांडताना तिचं लक्ष त्या पंख्यांकडं जाई आणि मनात हिशेब होई: मी बसत होते तेव्हा जळून यायचे, बसत नाही तर धड येतात. म्हणजे खरंच आहे. आपल्याच पायात काही आहे. सासू म्हणते म्हणून नाही, रांजणाखाली पुरावा आहे म्हणून तिनं ते मानलं होतं. नलू लहानपणी एका पंख्यात दोरा ओवून भिंगरी फिरवायची, तर जयवंता तिच्या हातून ती काढून घ्यायची.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत हिवरटोल्याहून सकाळच्या लाँचनं निरोप आला, आईचं काही खरं नाही. जयवंता होती तशी घाटावर धावली. लाँच बांधलेली होती, इंजिन गरम होतं. रूपराव दोर हातात धरून उभे होते.

"मरणाच्या कामाले जायचं अन् मधात बंद पडली तं?" जिजाबाई मागून आल्या. "बाकीचे माणसं तरी पोचू दे."

जयवंतानं नवऱ्याकडं पाहिलं. रूपरावांनी दोराच्या गाठीकडं पाहिलं. "तू रोडनंच जाय," ते म्हणाले. "भेटते गाडी."

गाडी भेटली नाही. फाट्यावर ती उभी राहिली तेव्हा पुढची गाडी दुपारची होती. ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आळीच्या तोंडालाच तिला काठावर लावलेली लाँच दिसली. लाँचमधून आलेली माणसं केव्हाच पोचली होती. जिजाबाई ओसरीवर तिच्या भावाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. रूपराव स्मशानातून परतलेल्या माणसांत होते, डोक्यावरून पाणी घेतलेले, ओले. तिच्या आईला खांदा दिला होता त्यांनी.

"जराशी लवकर निघाली असती तं तोंड पाह्यलं असतं वो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

जयवंता रडली, पण कुणाला दोष देऊन नाही. लाँच वेळेत पोचली, माणसं पोचली, आईला खांदेकरी मिळाले, ते आपण बसलो नाही म्हणूनच, असं तिला वाटलं. परत तिनं रस्त्यानंच जायचं ठरवलं, आणि कुणी थांबवलं नाही. अण्णाजी पुढं दोन वर्षांनी वारले. त्यांच्या मागं दसऱ्याची पूजा तशीच चालू राहिली, इंजिन जितं ठेवून.

"पायी जाय म्हणते," नलू आता न्हाणीच्या दगडावरून खाली आली होती. "तुले काय जाते आजी म्हणायले? बाबा, तुमी सांगा ना घाटावर जाऊन. का माह्या पोरीमुळं नाई झालं म्हणून. तुमचंच इंजिन पाहणं कमी पडलं म्हणून सांगा."

"काय कमी पडलं?" रूपरावांनी चिंधी खाली टाकली.

"रबर जळलं होतं. साऱ्या लाँचीत वास सुटला होता. तो पंपातला पंखा जळला, मी पाह्यलं तुमी काढताना. पाती झडून गेलती. बदलत नाई तुमी वेळेवर."

"दसऱ्याले बदलला ना! साऱ्या गावासमोर बदलला!"

"मंग दिवाळीच्या आत जळतेच कसा? सालभर चालते म्हणता ना? का पंखाच खराब आनला? का बसवताच येत नाई तुमाले?"

बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर रूपराव हसले असते. पण पोटच्या पोरीनं, तेही आईसमोर आणि बायकोसमोर, तुम्हाला बसवता येत नाही म्हणावं हे त्यांना सहन झालं नाही. त्या एका कामाचा त्यांना अभिमान होता.

"मले येत नाई?" ते उठलेच. "मले शिकवतं? अवो, दसऱ्याचा पंखा आरतीतच जळते! कोरडा फिरला का जळते तो, पाण्याबिगर! ते काय मले मालूम नाई? दर साल दिवाळीच्या आत मी दुसरा बसवतोच, कोनी घाटावर नसलं का. म्हणून तं येवढी वर्सं बंद नाई पडली. औंदा तुह्या शाळेच्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यापायी लाँच मोकळीच भेटली नाई मले!"

सूप थांबलं.

जयवंतानं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपायला लागली, तसा तिनं तवा खाली उतरवला आणि उठून उंबऱ्यात आली.

"दर साल?" तिनं विचारलं.

रूपराव बसले.

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"दुसरा पंखा बसवता ते. कवापासून बसवून राह्यले?"

"आता ते कुठं आठवते..."

"तुमाले आठवते."

रूपरावांनी पुन्हा चिंधी उचलली. हात स्वच्छ झाले होते तरी ते पुसू लागले. "देवळीचा तानबा मिस्त्री आलता ना. तू दुसऱ्यांदा बसली व्हती, संक्रांतीले, तवा बंद पडली, मंग मी त्याले बलावलं. त्यानं खोलून पाह्यलं. म्हणे, काय केलं रे तुमी याले, कोरडा चालवला का? मी सांगतलं आरतीचं. तं हासला. म्हणे, पाण्यात ठेवून चालवा, साल काय, दोन सालबी जाईन. अन् कोरडा चालवला तं त्याच दिशी बदला."

"संक्रांतीले," जयवंता म्हणाली.

"हो."

"माह्या मायच्या पह्यले."

रूपरावांनी चिंधीची घडी घातली.

"घाटावर दोर धरून उभे होते तुमी. पंखा नवा होता आत?"

"होता."

"मंग मले काऊन नाई बसवलं?"

"बाबा होते ना तवा," रूपराव म्हणाले. "बाबाच्या तोंडावर कसं सांगू, का तुमच्या पूजेनंच जळते म्हणून? साऱ्या सोसायटीत त्याइची काय इज्जत राह्यली असती?"

"बाबा गेले. मंग?"

"मंग..." त्यांनी खरोखरच विचार केला. खोटं शोधावं एवढीही त्यांना ती गोष्ट मोठी वाटली नव्हती. "मंग सवय झाली. तूबी काही म्हणत नव्हती."

जयवंता ओट्याकडं गेली. रांजण अर्धा भरलेला होता. तिनं गळ्याला हात घालून तो कलता केला आणि पाणी अंगणात सोडून दिलं.

"अवो, काय करून राह्यली! भरलं पाणी सांडून राह्यली!" जिजाबाई ओरडल्या. पाखडलेल्या तांदळाच्या दाण्यांवरून पाणी वाहत गेलं.

रिकामा रांजण जयवंतानं बाजूला ठेवला. खालचे पंखे चपटे झाले होते, काहींना शेवाळ आलं होतं. ते तिनं पदरात घेतले आणि खाटेवर नवऱ्याच्या मांडीशी ओतले. एक जळका उचलून त्यांच्या हातात दिला, एक धड उचलून दुसऱ्या हातात.

"हे पाहून मी मानत होती," ती म्हणाली. "तुमच्या मायचं नाई. हे पाहून."

रूपराव दोन्ही हातांत दोन पंखे घेऊन बसून राहिले. ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना.

नलू आईजवळ आली आणि तिच्या दंडाला धरून उभी राहिली. तिला एकदम रडू येत होतं, पण आई रडत नव्हती, म्हणून तिनं आवरलं.

पहिल्यांदा सावरल्या त्या जिजाबाई. सूप भिंतीला टेकवून, गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. "बरं, झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "आता हे घराच्या बाहीर नाई गेलं पाह्यजे. मेलेल्या माणसाच्या नावाले बट्टा कायले लावायचा? त्याइचा फोटो हाये सोसायटीत."

"अन् माहं नाव?" नलूनं विचारलं.

"तुह्या नावाले काय झालं? लगन होऊन जाशीन तू, नावच बदलन."

"माय म्हणते ते बराबर हाये," रूपराव म्हणाले. पंखे त्यांनी अखेर खाटेखाली ठेवले. आवाजात आता समजूत होती, जणू अडचण सुटलीच होती. "मी सकाळी उजाडताच नवा पंखा टाकतो. लाँच चालू होते. नलूनं दिवाळीपरेंत घरी राहावं. लोक इसरते. मंग हळूच बसवून घेऊ. कोनाले काही सांगायची गरज नाई."

"दिवाळीपरेंत शोभाबाईची पुतणी बसन तिथं," नलू म्हणाली.

"मंग दुसरीकडं पाहू काही. बालवाडीच हाये, कलेक्टरची खुर्ची थोडीच हाये."

जयवंतानं ते ऐकून घेतलं. घाटावर दोर हातात धरून हा माणूस असाच बोलला होता. भेटते गाडी.

ती चुलीकडं गेली. करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली, उरलेल्या पिठाचा गोळा झाकला, लाकडं मागं ओढली. मग उंबऱ्यात उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही. भाजीत मीठ घातलं आहे, हे सांगावं तसं बोलली.

"उद्या पह्यल्या लाँचीनं नलू जाईन. मी तिच्या बाजूले बसीन. नलू उतरन, मी उतरणार नाई. येन्याच्या फेरीले बसीन, जान्याच्या फेरीले बसीन. शेवटची फेरी होईपरेंत. परवाबी, अन् त्याच्या पुढंबी. पावसाळ्यात लाँच काठावर घेईपरेंत रोज. कोनी इचारलं तं सांगीन, कोनी नाई इचारलं तरी सांगीन, पंखा कायनं जळते ते. ज्याले माह्या पायाचं भेव वाटते त्यानं रोडनं जावं. भेटते गाडी."

"अन् घर?" जिजाबाई म्हणाल्या. "सैपाक कोन करन? पाणी कोन भरन?"

"भाकरी सकाळीच टोपल्यात राह्यतीन," जयवंता म्हणाली. "दुपारची चूल पेटणार नाई. रांजण तुमी भरा."